विरतं काय, उरतं काय?

प्रश्न : ताई, आमचं घर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरपासून जवळ. वडिलांना शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची 500ची गोळी, शिवाय दिवसाला चार चहा आणि प्रत्येक चहात साखरेऐवजी एक गोड गोळी. डबीवर सुक्रालोज लिहिलंय. परसात आड आहे, पलीकडे संडासाचा शोषखड्डा. पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, ही औषधं आणि गोड गोळ्या पाण्यातून कधीच जात नाहीत, तुम्ही तेच पुन्हा पिताय, वर पुण्याचंही तुमच्याकडेच येतं. आई तेव्हापासून पाणी उकळून देते. उपयोग होतो का? वडिलांनी गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मेटफॉर्मिन बंद करायचं नाही. पाण्याच्या धास्तीने शुगर वाढवून घेतलीत तर आगीतून फुफाट्यात पडाल. चहात गोळी घालायची की फिका प्यायचा, हे वडील आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील. आडाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता भाच्याचं बोलणं. ते निम्मं खरं आहे.

सुक्रालोज ही साखरेपासूनच बनवतात. रेणूवरचे तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीनचे तीन अणू बसवायचे. गोडी साखरेच्या सुमारे 600 पट, म्हणून चमचाभर साखरेचं काम 8 मिलिग्रॅममध्ये भागतं. साखर तोडणारी विकरं (एन्झाइम), आपली असोत की बॅक्टेरियांची, या क्लोरीनवाल्या रेणूला धरू शकत नाहीत. त्यातून कॅलरी मिळत नाहीत त्याचं कारण हेच, आणि तो पाण्यात टिकतो त्याचंही कारण हेच. गिळलेल्यापैकी 85 टक्क्यांच्या आसपास आतड्यातून सरळ बाहेर जातं. रक्तात शिरतं ते लघवीवाटे, बहुतेक जसंच्या तसं. चार चहांचे 32 मिलिग्रॅम धरले तर वर्षाचे जवळपास पावणेबारा ग्रॅम. एवढी पावडर दरवर्षी तुमच्या शोषखड्ड्यात उतरते.

मेटफॉर्मिनचा आकडा याहून दचकवणारा आहे: रोज 1 ग्रॅम, वर्षाला 365 ग्रॅम. यकृत या औषधाला हात लावत नाही, त्यामुळे जवळपास सगळंच मूळ रूपात बाहेर येतं. पण बॅक्टेरियांना ते चालतं. जिथे हवा खेळवलेली असते अशा सांडपाण्याच्या टाकीत त्याचा बहुतांश भाग मोडतो आणि त्याचं ग्वानिलयुरिया होतं. हे ग्वानिलयुरिया मात्र पुढे बराच काळ रेंगाळतं. मी प्रयोगशाळेत होते तेव्हापासून मला या ‘टक्के घट’च्या रकान्याचा राग आहे. मेटफॉर्मिन 90 टक्के गेलं असं त्यात लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. गेलं ते कशात बदलून गेलं, याला कागदावर जागाच नसते.

तुमच्या शोषखड्ड्यात हवाही नाही आणि ऊनही नाही. तिथे मोडतोड चालते, पण रडतखडत. पुण्याहून येणाऱ्या पाण्याचा प्रवास वेगळा असतो. मुळा-मुठा दौंडच्या वर भीमेला मिळते, भीमा ते सगळं उजनीत आणते, आणि सोलापूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं. म्हणजे पुण्यातल्या चहातलं सुक्रालोज भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या पायांखालून जात असणारच. पण 117 टीएमसीचं धरण आहे. तिथे पाणी महिनोन्‌महिने थांबतं, ऊन खातं, पावसाळ्यात नव्या पाण्यात मिसळतं. पुण्याच्या सांडपाण्याने उजनीचं जे काही केलंय त्यात हिरवा तवंग आणि जलपर्णी माझ्या लेखी गोड गोळ्यांच्या कितीतरी आधी येतात.

उकळण्याने सुक्रालोज, मेटफॉर्मिन किंवा सांडपाण्यातून येणारं नायट्रेट यातलं काहीही जात नाही. वाफ होते ती पाण्याची; विरघळलेलं मागेच राहतं आणि थोडं दाटच होतं. तरीही आईंना उकळू द्या, कारण जंतू मरतात, आणि तुमच्या आडाच्या बाबतीत खरी भीती त्यांचीच आहे.

भीतीचं माप कळावं म्हणून एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 साली पिण्याच्या पाण्यातल्या औषधांवर अहवाल काढला. नद्या-तलावांत ही औषधं साधारणपणे लिटरला 100 नॅनोग्रॅमच्या खाली सापडतात आणि एवढ्याने माणसाला अपाय होण्याची शक्यता फारच कमी, असा त्याचा निष्कर्ष. 100 नॅनोग्रॅमवाल्या पाण्यातून 500 मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायची तर 50 लाख लिटर पाणी प्यावं लागेल. दिवसाला 2 लिटर धरा, 6,800 वर्षं लागतील.

हे गणित औषध कारखान्यांच्या नाल्याला लावू नका. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी ज्या सामाईक केंद्रात जात होतं, तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ते प्रसिद्ध केलं. तिथे 16 लिटर पाण्यात 500ची अख्खी गोळी होती! गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही औषध इतकं दाट नसतं. अशा पाण्यात जे बॅक्टेरिया जगतात ते त्या औषधाला पुरून उरलेलेच असतात. आपल्या केंद्र सरकारने जानेवारी 2020च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकना मर्यादा घातल्या होत्या. 2021 साली अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा गळलेल्या होत्या. यावर मी जास्त लिहिलं तर संपादक कात्री लावतील.

परत तुमच्या आडाकडे. आडात समजा सुक्रालोज सापडलंच, तर ते विष म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून महत्त्वाचं. निसर्गात ते कुठेच तयार होत नाही. ते आडात आलं याचा अर्थ खड्ड्यातलं पाणी आडात येतंय, आणि त्याच वाटेने बाकीचंही येतंय. पण त्यासाठी महागडी तपासणी करत बसू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे एचटूएसची बाटली मिळते का बघा. रेषेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबेच्या जागी ठेवायचं. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर विष्ठेचं प्रदूषण आहे असं धरून चालायचं. काळी झालेली बाटली स्वयंपाकघरात उघडू नका, सडक्या अंड्याचा वास दिवसभर जात नाही. सोबत पंचायत समितीमार्फत प्रयोगशाळेत नायट्रेट तपासून घ्या. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते जास्त निघालं तर तान्ह्या बाळाला ते पाणी अजिबात नको, उकळूनसुद्धा नको.

आड आणि शोषखड्डा यांच्यात निदान 15 मीटर, म्हणजे पन्नास फूट, अंतर ठेवायला सांगतात. मातीत ते ठीक आहे. तुमच्याकडे वर थोडी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाणातल्या भेगेतून पाणी माती न शिवता धावतं. तेव्हा शक्य असेल तर खड्डा उताराच्या खालच्या अंगाला हलवा, आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलीत तर पाण्यात क्लोरीन किती उरलाय हे दाखवणारी ओटी टेस्ट करूनच पाणी वापरा. टीसीएलमुळे जंतू मरतील. सुक्रालोजला आधीच तीन क्लोरीन चिकटलेत, त्याला आणखी क्लोरीनचं काय!

प्रश्न : मॅडम, मी कराडला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या संदर्भपुस्तकात लिहिलंय की एसेसल्फेम हा स्वीटनर सांडपाणी प्रक्रियेत मोडत नाही. सेमिनारसाठी वाचताना मात्र तो मोडणारे बॅक्टेरिया सापडल्याचं दिसलं. मी नेमकं काय सांगू?

उत्तर : दोन्ही सांग, सालासकट. पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा पुस्तक बरोबर होतं.

एसेसल्फेम-के 1967 साली जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीत कार्ल क्लाउस यांच्या हाती लागलं आणि 1980च्या दशकात बाजारात आलं. शरीर ते पूर्ण शोषतं आणि लघवीतून तसंच टाकतं. 2009 साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी तळी, भूजल, नळ असं सगळं तपासलं, तेव्हा बहुतेक तळ्यांत, बऱ्याचशा भूजलात आणि काही नळांतही ते सापडलं. ओझोन आणि कार्बनसारख्या खास सोयी नसलेल्या प्रक्रिया केंद्रात जेवढं शिरे तेवढंच बाहेर पडे. शास्त्रज्ञांना ते सोयीचंच झालं, कारण भूजलात सांडपाणी कुठून झिरपतंय हे शोधायला असाच न मोडणारा पदार्थ हवा असतो. कॅनडात तर 2017 साली दोन शहरांतल्या जलतरण तलावांत एसेसल्फेम मोजून लघवीचा हिशेब काढला गेला. सव्वाआठ लाख लिटरच्या एका तलावात 75 लिटर निघाली. (आमच्या भागातल्या तलावाबाहेर हा आकडा पाटीवर लिहून लावावा असं मला फार वाटतं.)

मग 2010 नंतर जर्मनीतल्या सांडपाणी केंद्रांतून वेगळे आकडे येऊ लागले. टाक्या त्याच, यंत्रं तीच, पण एसेसल्फेम बरंचसं नाहीसं होत होतं. शिवाय उन्हाळ्यात जास्त आणि थंडीत कमी. तू मायक्रोबायोलॉजीची आहेस. ऋतूनुसार हलणारा आकडा बघितला की तुझ्या डोक्यात पहिलं काय यायला हवं? त्या गाळातून बोसिया आणि चेलॅटोकॉकस या गणांतले बॅक्टेरिया वेगळे काढले गेले, जे एसेसल्फेम हाच आपला कार्बनचा शिधा म्हणून वापरतात. एक विकर रेणूचं कडं उघडतं, दुसरं उघडलेल्या साखळीचा तुकडा पाडतं, आणि त्यातला खाण्याजोगा भाग पेशीच्या नेहमीच्या चुलीत जातो. या विकरांचे जनुक एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर सापडलेत. एकाला जमलेली गोष्ट शेजाऱ्यांना फुकट.

म्हणजे माणसाने नवा पदार्थ पाण्यात सोडला, सोडतच राहिला, आणि काही दशकांत त्याला खाणारा तयार झाला. हे पहिल्यांदा घडलेलं नाही. तुमच्याकडे मक्यात आणि उसात मारतात ते तणनाशक अ‍ॅट्राझिन घे. 1950च्या दशकात ते आलं, तेही फार चिवट मानलं जायचं, आणि 1995 साली ते पूर्ण फस्त करणारा स्युडोमोनास हा बॅक्टेरिया अमेरिकेत वेगळा काढला गेला. म्हणून मला ‘टिकाऊ’ हा शिक्का पदार्थाच्या कपाळावर कायमचा मारलेला आवडत नाही. कुठल्या पाण्यात, किती उबेत, कोणाच्या शेजारी, हे विचारल्याशिवाय टिकाऊपणाला अर्थ नाही.

याची दुसरी बाजूही सेमिनारमध्ये मांड. बॅक्टेरिया शिकतील म्हणून आपण निवांत बसावं असं यातून निघत नाही. सुक्रालोजच्या बाबतीत त्यांना असं यश आलेलं नाही. क्लोरीनचे बंध तोडायला कष्ट, आणि पाण्यात ते इतकं विरळ की त्यावर पोट भरत नाही. एसेसल्फेमच्या भरवशावर गळती शोधणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. आता ते सापडलं नाही म्हणजे सांडपाणी आलं नाही, असं म्हणता येत नाही.

बाकीचे स्वीटनर एका ओळीत आटप. सॅकरिन, जे 1879 साली हात न धुता जेवायला बसलेल्या फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला ब्रेडच्या घासात कळलं, ते आणि सायक्लामेट प्रक्रियेत चांगलं मोडतं. अस्पार्टेम तर पोटातच तुटतं, गटारापर्यंत पोचतच नाही.

परीक्षक हमखास विचारतील असा एक मुद्दा: पॅरासिटामॉल बॅक्टेरिया झटपट खातात, 90 टक्क्यांहून जास्त. मग नदीत ते नेहमी का सापडतं? कारण गावात रोज कोणाचं ना कोणाचं डोकं दुखतच असतं. मोडण्याच्या वेगाने भर पडत राहिली की मोडणारा पदार्थही नदीत कायमचा वस्तीला आल्यासारखा दिसतो.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, पाणी फ्लशला आणि बागेला वापरतात. बागेत कढीपत्ता, अळू, गवती चहा लावलाय. सगळे घेऊन जातात. सोसायटीत औषधं घेणारे ज्येष्ठ पुष्कळ. झाडात ती औषधं येतात का?

उत्तर : काही येतात. फिटसाठी देतात ते कार्बामॅझेपिन यातलं सगळ्यात निर्लज्ज. साध्या एसटीपीत ते 10 टक्केही कमी होत नाही. कधी कधी टाकीत शिरताना कमी आणि बाहेर पडताना जास्त असंही दिसतं, आणि मग यंत्रावर संशय घेतला जातो. यंत्र ठीक असतं. यकृताने त्या औषधाला शर्करेचं शेपूट जोडून लघवीत पाठवलेलं असतं. टाकीतले बॅक्टेरिया ते शेपूट कापतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं.

झाड मुळांनी पाणी ओढतं, पानांतून वाफ सोडतं, आणि पाण्याबरोबर आलेलं कार्बामॅझेपिन पानातच अडकतं. इस्राएलमध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर बरीच शेती चालते. तिथे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशी भाजी खाल्लेल्या निरोगी लोकांच्या लघवीत कार्बामॅझेपिन वाढलेलं आढळलं. अर्थात रोग्याला देतात त्या मात्रेपुढे ते नगण्य होतं.

तुमच्या बागेत मला औषधांपेक्षा जंतूंची काळजी आहे, विशेषतः गवती चहाच्या पात्याची, जी चहात पडण्याआधी कोणी धड धूत नाही. एसटीपीचं पाणी लॉनला, जास्वंदीला, कण्हेरीला द्या. अळूला नळाचं.

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय 67. गुडघ्यांना रोज डायक्लोफिनॅकचं जेल चोळते. नातीने सांगितलं की त्याने गिधाडं मेली. खरंच का? आणि घरात जुन्या गोळ्यांचा डबा भरलाय, तो संडासात रिकामा केला तर चालेल ना?

उत्तर : गिधाडं मेली ती जनावरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने. असं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. भारताने 2006 साली जनावरांसाठी ते बंद केलं. तुमच्या गुडघ्याचा त्यात दोष नाही, पण पाण्यात तुमचाही वाटा पडतो, आणि तो कमी करणं अगदी सोपं आहे.

जेलमधलं सुमारे 6 टक्के औषध अंगात शिरतं. बाकीचं कातडीवर, बोटांवर, परकरावर राहतं आणि मोरीत जातं. चोळून झालं की हात लगेच धुऊ नका; आधी कागदाने किंवा जुन्या सुती चिंधीने बोटं नीट पुसा, ती सुक्या कचऱ्यात टाका, मग धुवा. आंघोळ करून जेल लावा, लावून आंघोळ नको. कागद रद्दीतला चालतो.

नदीत पोचलेल्या डायक्लोफिनॅकचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. झ्यूरिकजवळच्या ग्राइफेनझे तळ्यात 1998 साली अभ्यास झाला, तेव्हा तळ्यात आलेलं 90 टक्क्यांहून जास्त डायक्लोफिनॅक नाहीसं होत होतं, ते मुख्यतः उन्हाने. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, पण ऊन पाण्यात शिरायला तर हवं! जलपर्णीने झाकलेल्या पात्राखाली अंधार असतो. जलपर्णी काढायची मागणी कराल तेव्हा डासांसोबत हेही कारण लिहा.

युरोपात आता उन्हावर आणि बॅक्टेरियांवर सगळं न सोडता केंद्रातच ओझोन किंवा सक्रिय कार्बनचा आणखी एक टप्पा बसवतात. स्वित्झर्लंडने 2016पासून कायद्याने ते सुरू केलं. युरोपीय संघाच्या 2024च्या नियमांनुसार त्या टप्प्याचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन उद्योगांनी उचलायचा आहे, आणि कंपन्या त्यावर चांगल्याच चिडल्यात. आपल्याकडे साधी एसटीपी पूर्ण वेळ चालली तरी मी पेढे वाटीन.

डबा संडासात रिकामा करू नका. गिळलेल्या गोळीवर निदान शरीर थोडं काम करतं. फ्लश केलेली अख्खीच्या अख्खी जाते. अपवाद आहे तो 2025 साली केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढलेल्या 17 औषधांच्या यादीचा. ट्रामाडॉल, फेंटानिल, डायझेपाम अशी ती नावं आहेत. ती चुकून पोरांच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणून तेवढी फ्लश करायला सांगितली आहेत. तुमच्या डब्यात झोपेची किंवा जबर वेदनेची गोळी असेल तर केमिस्टला नाव दाखवून विचारा.

बाकीच्या गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवा, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकणार नाही, आणि पिशवीचं तोंड बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या. गाडीवाला घेत नसेल तर वॉर्ड ऑफिसला विचारा. 2016च्या घनकचरा नियमांत टाकून दिलेली औषधं याच वर्गात मोडत होती. पुढच्या वेळी पाचच गोळ्या लागणार असतील तर पट्टी कापून पाचच मागा. केमिस्ट कुरकुरतो, पण देतो. एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा त्याच्याकडे राहिला तर पाकिटावर त्याच्याकडूनच तारीख लिहून घ्या.